हाकेच्या घोडीचे नियम

१२ मार्च

सर,

नमस्कार. परवा निघताना तो करायचा राहून गेला, कारण तुम्ही नकाशा गुंडाळून आतल्या खोलीत गेलात ते बाहेर आलाच नाहीत. बसमध्ये तुमची धाकटी म्हणाली, "बाबांना फोन करून उपयोग नाही. खेळाबद्दल काही बोलायचं तर लिहून पाठव. तोंडी बोललेलं आमच्या घरात धरत नाहीत." म्हणून हे पत्र. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. कामावर मी फक्त 'तपासले, ठीक' एवढं लिहितो आणि खाली सही ठोकतो.

माझं नेमकं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून झालं ते माझ्या बाजूने सांगतो. असला खेळ मी जन्मात पहिल्यांदा खेळलो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते फाशाने ठरवायचं, एवढं धाकटीने येताना शिकवलं होतं. ती जादूगार झाली, काकू, म्हणजे तिची आई, वैद्य झाल्या, आणि मी नवशिका म्हणून मला सरदार केलंत. सरदाराला एक हाक मारता येते. हाक मारली की कुठूनतरी घोडी येते, पाठीवर बसू देते, आणि काम झालं की नाहीशी होते. मेली तरी नाहीशीच होते, दुसऱ्या दिवशी हाक मारली की पुन्हा हजर. हे सगळं तुमच्याच नियमांत आहे. मी दोनदा वाचून घेतलं होतं.

मग तो दोरांचा पूल आला. तुम्ही म्हणालात, फळ्या कुजक्या दिसतायत. मी म्हणालो, आधी रिकामी घोडी पाठवतो. घोडी मध्यापर्यंत गेली, पूल तुटला, घोडी दरीत. आणि मी म्हणालो, "चला, कळलं एकदाचं. उद्या दुसरी बोलावू." काकूंनी हातातला कप खाली ठेवला. तुम्ही नकाशा गुंडाळलात.

सर, मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. नवा दोर बसवला की आम्ही आधी रिकामी लिफ्ट वरखाली फिरवतो. मग वजनं ठेवून फिरवतो. माणूस सगळ्यात शेवटी. इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे तोंडातून तेच निघालं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता.

आता खरं सांगतो. मी खेळायला आलोच नव्हतो. धाकटीने आणि मी लग्न करायचं ठरवलं आहे, ते तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. पूल पडला आणि सगळंच राहिलं. ती म्हणते, सांगून टाक, परवानगी कसली मागतोस? पण मला तुमचा होकार हवा आहे. माझ्या घरात वडीलधारं कोणी उरलेलं नाही. जे मिळतायत त्यांना नाराज करून सुरुवात करायची नाही मला.

तुमचा,
लिफ्टवाला
(धाकटी मला हेच म्हणते.)


१९ मार्च

रा. रा. लिफ्टवाले यांना,

पत्र पोचलं. अक्षर बरं आहे. भूगोलाच्या मास्तराने आयुष्यभर वाईट अक्षरं वाचलेली असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

तुम्ही नियम मोडला नाहीत, आणि तीच तर माझी तक्रार आहे. मोडला असतात तर मी तुम्हाला दंड केला असता, मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले असते आणि खेळ पुढे नेला असता. पण तुम्ही नियमाच्या आत राहून असं वागलात की मला बोलायला जागाच ठेवली नाहीत. त्या घोडीचा डावा कान दुमडलेला आहे, असं मी सांगितलं. ती तुमची पिशवी हुंगते आहे, हेही सांगितलं. एवढं सांगतो ते काय मला हौस आहे म्हणून? (आहे. पण तो मुद्दा नाही.) तुम्ही तिचं नाव विचारलंत? पाठीवर हात फिरवलात? "दुसरी बोलावू" म्हणालात! अहो, घोडी म्हणजे रिकामी लिफ्ट नव्हे.

शिवाय तुम्ही नियम दोनदा वाचलेत, पण अर्धेच वाचलेत. आमच्या टेबलाचा पुढचा नियम असा: हाकेचं जनावर नेहमी दुसरा खेळाडू चालवतो. ज्याने बोलावलं त्याने नाही, आणि गोष्ट सांगणाऱ्यानेही नाही. जनावर काय करेल, कशाला बिचकेल, कधी हट्ट करेल, ते सगळं त्या दुसऱ्याने ठरवायचं. तुमची घोडी धाकटीच्या आईकडे होती. "जाते बापडी पुलावर" असं ती म्हणाली, ते तुमच्यावर विश्वास ठेवून म्हणाली. तेव्हा तुम्ही दरीत कोणाला ढकललंत ते बघा. तिने तुम्हाला दोनदा चहा दिला होता.

दुसऱ्या दिवशी हाक मारल्यावर येते ती तीच घोडी की दुसरी, हे नियमांत स्पष्ट नव्हतं. माझी चूक. आता स्पष्ट करतो. तीच येते. आणि तिला सगळं आठवतं.

लग्नाबद्दलचा मजकूर वाचला. त्यावर ही गोष्ट पुरी झाल्याशिवाय मी बोलणार नाही. आमच्या घरात गोष्ट अर्धवट टाकत नाहीत. पुढचा डाव पत्राने. तुमचा सरदार दरीच्या काठावर उभा आहे, पूल तुटलेला आहे, घोडी नाही. काय करता?

मास्तर


२५ मार्च

सर,

काकूंना माझा नमस्कार सांगा आणि माफीही मागतो म्हणून सांगा. मला खरोखर कल्पना नव्हती की त्या दरीत गेल्या. धाकटीला विचारलं, तू का नाही सांगितलंस? तर म्हणते, "तुझा चेहरा बघण्यासारखा झाला असता, आणि मला एकदम सगळी मजा संपवायची नव्हती." काय म्हणावं हिला!

माझा सरदार हाक मारत नाही. आधी दरीत उतरतो. ती तिथे नसणार हे मला माहीत आहे, पण तरी उतरतो. खाली तिचा काही माग दिसतो का बघतो, आणि पिशवीत जे काही होतं, ज्याचा ती वास घेत होती, ते एका सपाट दगडावर काढून ठेवतो. मग बाजूला बसतो. तिचं नाव मी ठिपकी ठेवलं आहे. तुम्ही म्हणाला होतात की कपाळावर पांढरा डाग आहे. बघा, ऐकत होतो मी.

हाक मारायची तर आता नावाने मारेन. तिला यायचं असेल तर येईल.

तुमच्या पत्राचा एक परिणाम झाला आहे. काल एका जुन्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडून बसली होती. मी नकळत तिच्या दाराला थोपटलं आणि म्हणालो, "चल बाई, उगाच हट्ट नको." जोडीदार म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी?" पण निघाली ती, सर.

लिफ्टवाला


२ एप्रिल

लिफ्टवाले,

दरीत उतरलात, हे बरं केलंत. धाकटीच्या आईला पत्र वाचून दाखवलं. ती "हं" म्हणाली. तिच्या "हं"चे बरेच प्रकार आहेत, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही हा कोणता होता ते मला सांगता येणार नाही.

आता नियम. दुखावलेलं हाकेचं जनावर परत बोलवायचं तर नावाने हाक मारायची आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. अठरा किंवा वर पडले तर ते येतं. खाली पडले तर वर्षभर येत नाही. घोडीशिवाय दरी ओलांडता येत नाही, म्हणजे गोष्ट वर्षभर थांबली. आणि गोष्ट थांबली की तिच्यामागून येणाऱ्या इतर गोष्टीही थांबल्या, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाला सांगायला नको.

तुमच्याकडे फासा नसणार, म्हणून माझा पाठवतो आहे. नीट उघडा. हा हिरवा फासा माझ्याकडे धाकटीच्या जन्माआधीपासून आहे. याच्यावर वीसचं दान टाकून मी ड्रॅगन मारला आहे. तेव्हा गोष्ट सांगायला माझा मित्र बसायचा, आणि तो खुर्चीवरून पडता पडता राहिला होता. हा फासा मी कुणाला हात लावू देत नाही, घरातल्यांनाही नाही. त्यांना तर नाहीच नाही, दोघी मायलेकी माझ्या दानांवर जळतात.

फासा एकदाच टाकायचा. काय पडलं ते कळवायचं. साक्षीदार नको. ज्याला साक्षीदार लागतो त्याच्याबरोबर मी खेळत नाही.

मास्तर


७ एप्रिल

बाबा,

हे काय लावलंय तुम्ही?

मी नोकरी करते, भाडं भरते, शहाणी आहे असं ऑफिसात निदान तिघं तरी म्हणतात. आणि तुम्ही माझं लग्न अठराच्या दानावर टांगून ठेवलंत! मी काय हाकेची घोडी आहे? अठरा पडले तर मिळेल, नाही तर पुढच्या वर्षी या!

लहानपणी मी खेळायचे तेव्हा हाकेचा घोडा शिट्टी मारली की यायचा. नियम एका ओळीचा होता. आता दर पत्रात एक नवा नियम निघतोय. तुम्हाला घोडीची काळजी आहे की दुसरंच काही पोटात आहे, ते एकदा सांगून टाका.

इकडची बातमी ऐका. साहेब तुमचा फासा रुमालात गुंडाळून खिशात घेऊन फिरतायत. टाकत नाहीत. "हाताला घाम येतोय" म्हणतात. मी वैतागून म्हटलं, "टाक तरी, नाही तर नुसतं वीस लिही, कोण बघतंय?" तर अर्धा दिवस माझ्याशी बोलला नाही. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हा बाहेरून हाच माणूस एक तास माझ्याशी बोलत बसला होता, घाबरू नये म्हणून. तो न बोलता बसला म्हणजे विचार करा.

लग्न आम्ही करणार, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तुम्ही रुसून आतल्या खोलीत बसलात तर त्याला त्यात आनंद वाटणार नाही. आणि मला तर मुळीच नाही.

धाकटी


९ एप्रिल

सर!

वीस!!

जेवायच्या टेबलावर टाकला. फासा कडेपर्यंत गेला, मला वाटलं आता पडतो खाली, पण थांबला. वाकून बघतो तर वीस! मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या काकांनी दार वाजवलं. त्यांना म्हटलं, "घोडी आली!" ते आल्या पावली परत गेले.

काकूंना सांगा, ठिपकीला सांगा. माझा सरदार उठून उभा राहिला आहे आणि तिची वाट बघतो आहे.

तुमचा,
लिफ्टवाला


१२ एप्रिल

सर,

आधीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. हे त्याच्या मागोमाग पाठवतोय आणि पाठवताना बरं वाटत नाहीये.

फासा परत पाठवायचा म्हणून कापसात गुंडाळत होतो. तो परत टाकला नाही, तुम्ही एकदाच म्हणाला होतात. नुसता हातात फिरवून बघत होतो. आमच्या कामात लिफ्टमध्ये बटणांची नवी पाटी बसवली की एकेक मजला मोजायचा असतो, ती सवय. एक होता. तीन होता. चार, पाच, सगळे होते. दोन सापडेना. मला वाटलं नजर चुकली. पुन्हा मोजले. मग कळलं की वीस दोनदा आहे. बाकी सगळ्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज एकवीस होते. एकोणीसच्या समोर दोन हवा, तिथे वीसच कोरलेला आहे. बनवतानाच चूक झालेली दिसते. थोडक्यात, सर, या इमारतीला दुसरा मजलाच नाही आणि गच्च्या दोन आहेत.

माझं दान दोन्हींपैकी कोणत्या वीसचं होतं ते आता सांगता येणार नाही. खरा असेल, नसेलही. म्हणून ते धरू नका. ठिपकी आली नाही असंच समजा. वर्षभर थांबायचं तर थांबेन.

सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. लग्नाचं नाही म्हणत, ते आहेच. पण तुम्ही ज्या मायेने त्या फाशाबद्दल लिहिलं होतंत, त्या ड्रॅगनबद्दल, ते वाचल्यावर हात उचलेना. धाकटीला विचारायचंही धाडस झालं नाही. पण मी 'तपासले, ठीक' असं लिहून सही करणारा माणूस आहे. ठीक नसलेल्यावर सही कशी करू?

फासा सोबत पाठवतोय. राग आला तर माझ्यावर काढा, फाशावर नको.

लिफ्टवाला


१३ एप्रिल

अहो लिफ्टवाले!

वा! वा! वा! आता कळलं ना हिरवा फासा काय चीज आहे? घरातले म्हणायचे नशीब. मी म्हणायचो, नशीब कसलं, फाशाला माणूस ओळखता येतो. त्याने तुम्हाला वीस दिला याचा अर्थ मी तुमच्याबद्दल जरा घाईच केली. घ्या, लिहून देतो.

ही बातमी धाकटीच्या आईला मी तीनदा सांगितली. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या जुन्या मुख्याध्यापकांनाही सांगितली. त्यांना या खेळातलं काही कळत नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं. ड्रॅगनच्या वेळची आठवण निघाली. त्या दिवशी माझा तोच फासा, तेच दान, तोच आनंद! काय योग आहे बघा.

ठिपकीबद्दल धाकटीची आई कळवेलच, जनावर तिचं आहे. पुलाचं पुढे काय करायचं ते ठरवतो आणि लिहितो. फासा जपून परत पाठवा. त्याच्यावाचून टेबल ओकंबोकं दिसतं.

मास्तर


२८ एप्रिल

बाळा,

तुम्हा दोघांचेही श्वास अडकले असतील, धाकटीचे तर दिवसातून चार फोन येतात आणि मी उचलून "नंतर" म्हणते. हे पत्र तिलाही वाचून दाखव. फोनवर मला हसू आवरणार नाही म्हणून लिहिते आहे.

तुझा डबा आला तेव्हा हे खुशीत होते. म्हणाले, "आला माझा राजा परत." कापूस बाजूला केला, फासा खिशात टाकला, मग पत्र उघडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. नकाशे बघायचं भिंग काढलं आणि खिडकीपाशी जाऊन बसले. चहा निवला. मी दुसरा केला, तोही निवला. मग मला म्हणाले, "याला दोन नाही."

मी म्हटलं, "नाहीच आहे."

यांनी भिंग खाली ठेवलं. "तुला माहीत होतं?"

आता काय खोटं बोलणार? मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. फासा सोफ्याच्या मागे गेला होता, मी काढून दिला, तेव्हा दिसलं. पण त्या आधीच त्यांनी तो ड्रॅगन मारलेला होता, आणि दर पाहुण्याला ती गोष्ट सांगत होते. एवढा आनंद होता त्या माणसाला, कशाला विरजण घालायचं? मग राहूनच गेलं. धाकटीला शाळेत असताना कळलं. तिने मला स्वयंपाकघरात गाठून कानात सांगितलं. मी तिला गप्प केलं आणि तिने आजवर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आम्ही दोघी इतकी वर्षं हे जपून होतो रे. तू एका पत्रात फोडलंस!

हे सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे या घरात मला खरं सांगणारा एकच माणूस, आणि तोही बाहेरचा!" आणि आतल्या खोलीत गेले. दार लावलं. पुढचे कित्येक दिवस नुसता अबोला. जेवायला यायचे, मुकाट जेवायचे, जायचे. मला खरंच भीती वाटली. वाटलं, आपण फार दुखावलं यांना.

काल दुपारी आतून आवाज आला. मी धावत गेले. हे खुर्चीत बसून हसत होते. डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. शेवटी म्हणाले, "अगं, मग तो मेलाच नसेल!" मी म्हटलं, "कोण?" म्हणाले, "ड्रॅगन! दान खरं होतं की खोटं, कुणाला माहीत? कदाचित इतकी वर्षं तो नुसता झोपलाय!" आणि लगेच नकाशा पसरून बसले. किल्ल्याच्या पलीकडे एक नवा डोंगर काढला. चहा गरम होता तोवरच प्यायले.

तुला एक सांगते, त्यांना सांगू नकोस. ते एवढे नियम का काढत होते, ठाऊक आहे? गोष्ट संपत आली होती. पूल ओलांडला की किल्ला, आणि किल्ल्यात गेलं की समाप्त. दर दुसऱ्या रविवारी धाकटी बस पकडून येते ती या गोष्टीसाठी येते, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. लग्न झालं आणि गोष्टही संपली तर ती कशाला येईल, ही धास्ती. मी म्हटलं, अहो, ती आपल्यासाठी येते. पण ते तोंडी होतं ना, आमच्याकडे धरत नाहीत.

आता घोडी म्हणून बोलते, कारण ते काम माझंच आहे.

मी ठिपकी. दरीत पडले तेव्हा लागलं नाही, पण "दुसरी बोलावू" हे लागलं. तू खाली आलास, दगडावर ठेवलेलं मी खाल्लं. गोड होतं. मी झाडाआड उभी होते, तुला दिसले नाही. मी येते आहे. वीस पडला म्हणून नाही. पडलेला वीस तू स्वतःच परत केलास म्हणून येते आहे. पण माझी एक अट. यापुढे कुजक्या पुलावर मी एकटी पुढे जाणार नाही, आणि तुलाही एकट्याला जाऊ देणार नाही. तू लगाम धर, मी पाऊल टाकते. पडलो तर दोघं पडू.

चहा दोनदा दिला होता, असं त्यांनी लिहिलं होतं ना? तीनदा दिला होता. तिसरा तू घाईत तसाच ठेवून गेलास. या वेळी पिऊन जा.

काकू


३० एप्रिल

लिफ्टवाल्या,

अहो-जाहो आता बंद. मला खरं सांगणाऱ्या माणसाला मी अहो म्हणत नाही, परक्यासारखं वाटतं.

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. आधी तुझा राग आला, मग या दोघी मायलेकींचा, मग माझाच. एवढी वर्षं तो फासा हातात होता आणि मला दोन कधीच कसा पडला नाही, हे एकदाही मनात आलं नाही! मला वाटायचं, माझा हातच तसा. आता हसू येतं. तेव्हा मात्र आलं नव्हतं.

हाकेच्या घोडीचे नियम मी नव्याने लिहिले आहेत. अठराची अट काढून टाकली. वर्षभर थांबायचंही काढलं. आता एवढंच उरलं: हाकेचं जनावर कुणाच्या मालकीचं नसतं. काम झालं की ते आपल्या वाटेने जातं, आणि त्याला जाऊ द्यायचं असतं. त्याला नावाने हाक मारली की ते येतं. फासा टाकायची गरज नाही.

हे लिहिताना मला कळत होतं की मी फक्त घोडीबद्दल लिहीत नाहीये. धाकटीलाही कळेल. तिला म्हणावं, पोटात काय आहे ते विचारलं होतंस ना, ते हेच.

तुला होकार हवा होता. होकार आहे. मनापासून आहे, आणि लिहून देतो आहे, म्हणजे पुढे कुणी नाकारायला नको. तुझ्या घरात वडीलधारं कोणी नाही असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य आता खोडून टाक.

ड्रॅगन जिवंत आहे, हे काकूने कळवलंच असेल. डोंगर उंच आहे, गोष्ट लांबणार आहे, तेव्हा आधी लग्न करून घ्या, त्याच्यासाठी थांबायला नको. हिरवा फासा मी ड्रॅगनला दिला आहे. यापुढे ड्रॅगनची दानं त्याच्यावरच पडणार, दोन्ही गच्च्यांसकट. म्हणून ठिपकीला जप.

रविवारी या. दोघांनाही नावाने हाक मारतो आहे असं समजा. आणि येताना आपल्या बाजूसाठी एक फासा आण, मजले मोजून.

बाबा


३ मे

बाबा,

फासा घेतला. दुकानातच मोजला, दुकानदार चक्रावला. एक ते वीस, सगळे मजले जागेवर आहेत. धाकटी पिशवी भरतेय आणि मधेच शिट्टी मारून बघतेय, घोडी येते का म्हणून.

पहिल्या बसने दोघं येतोय. काकूंना सांगा, तिसरा चहा बाकी आहे.

तपासले, ठीक.

तुमचा,
लिफ्टवाला